मुल्लांच्या भट्टीत

इंद्रजित जहाजावर असतो, माझा भाचा.
ग्रीसच्या कुठल्याशा बंदरात त्यानं काहीतरी खाल्लं
आणि तिथूनच फोन केला : मावशी, लिहून घे.
आवाज तुटत होता. माझ्या वहीत उतरलं ते एवढं :
पालक. पांढरं चीज, खारट. मैद्याचे कागद.
सोबत दह्याची चटणी, त्यात काकडी, लसूण आणि शे...
पुढं नुसता समुद्र.

बारा दिवस मी त्या 'शे'वर काढले.
शेव? शेवगा? शेंदेलोण?
मग तासगावच्या बाजारात एका बाईनं
न मागताच जुडी पुढं केली :
"न्या की वैनी, सकाळपासनं शेपूला कुणी हात लावंना."

गुरुवारी भिशी माझ्याकडं.
गेल्या खेपेला कुंदानं चॉकलेटचं कारंजं लावलेलं,
म्हणजे पोह्यांवर भागणार नव्हतं.

दही बुधवारी रात्रीच टांगलं,
मलमलीत, नळाच्या तोटीला.
सकाळी चक्का परातीत काढून लसूण ठेचून घातला,
तोवर धाकट्यानं श्रीखंड समजून बोट फिरवलं.
अजून माझ्याशी नीट बोलत नाही.
विमलवहिनी लसूण खात नाहीत,
त्यांची वाटी वेगळी, झाकणाला दोरा बांधून.

पनीर रात्रभर मिठाच्या पाण्यात.
खारट म्हणजे किती, हे विचारायला जवळ कुणी नाही.
चाखत गेले,
ओठावरच्या घामाइतकं लागलं तेव्हा थांबले.

मैद्याची पारी मांड्यासारखी मुठींवर फिरवली.
खालचं वाचता आलं पाहिजे, म्हणाला होता,
म्हणून टेबलावर कालचा पेपर, वर प्लास्टिक,
आणि मी पिठातून वाचत गेले :
हिरवा बेदाणा, आवक वाढली, दर स्थिर.
दोन फाटल्या.
तिसरीतून 'दुःखद निधन' दिसलं,
ती उचलून दुसऱ्या पानावर नेली.
तूप, पदर, तूप, पदर,
मग पालक-पनीर, आणि विड्यासारखी घडी.
चोवीस त्रिकोण. सगळे सारखे नव्हते.

अडीचला लाइट गेली.
वायरमन म्हणाला, सहा वाजतील.
बायका चारला येणार.

स्कूटीच्या पायाशी ताट धरून मुल्लांच्या बेकरीत गेले,
दिवाळीत नानकटाई घेऊन जातो तशी,
फक्त हा माघ होता आणि रांग नव्हती.
टोस्ट काढून झालेले, भट्टी उतरत चाललेली.
नूरुद्दीनभाईंनी फडकं उचललं. "ह्ये काय?"
ग्रीसचं आहे, म्हटलं.
त्यांनी नखानं एक कड उचलली, पदर मोजले,
आणि हसले : "खारीच की ओ ही.
फक्त पदर खोचलाय."

थर्मामीटर नाही. हात तोंडाशी धरून
त्यांनी सातपर्यंत मोजलं, हात मागं घेतला,
लांब फळीवरून ताट आत सारलं.
किती मिनिटं? विचारलं.
"वास सांगंल."
आणि वासानं सांगितलं खरंच.
आधी तूप, मग मैदा,
मग थोडासा शेपू. उरला होता, तो मी सारणातही टाकलेला.
लहानपणी ह्याच वासाला मी ताटावरून उठायचे,
आणि आता पोत्यावर बसून
त्याचीच वाट बघत होते.

पैसे घेतले नाहीत. दोन त्रिकोण घेतले.
एक कोरा खाल्ला, दुसरा चटणीत बुडवून,
आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "मीठ अजून चालंल."

भिशीत बावीस पुरले नाहीत.
विमलवहिनींच्या वाटीत सगळ्यांनी बोटं घातली,
त्यांनी दोऱ्यासकट वाटी मांडीत ओढून घेतली.
कुंदानं नाव विचारलं.
नाव तर फोनमधून आलंच नव्हतं.
मुल्लाखारी, म्हणून मोकळी झाले.

फोटोची आठवण झाली तेव्हा ताटात चुरा होता.
चुऱ्याचाच पाठवला इंद्रजितला.
एक टिक. अजूनही एकच.
रात्री ताट घासताना
काठाला चिकटलेला एक जळका कोपरा निघाला,
तो मी उभ्यानंच, ओल्या हातानं खाल्ला.
मीठ अजून चाललं असतं.